प्रसन्नकुमार ठाकुरांचे मृत्युपत्र

महसूल किंवा न्याय खात्यात ज्यांनी काही वर्षे काढली आहेत, त्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. आपल्याकडील जमीनजुमल्याच्या तंट्यांचा मोठा भाग परक्या माणसांमधला नसतो. तो सख्ख्या आणि चुलत भावांमधला, सावत्र आई आणि मुलांमधला, विधवा वहिनी आणि दिरांमधला असतो. 'भाऊबंदकी' हा शब्द मुळात केवळ नाते सांगणारा. आज मराठीत त्याचा अर्थ भांडण असाच होतो. भाषेने एका शब्दात नोंदवलेला हा सामाजिक इतिहासच म्हटला पाहिजे.

गेल्या दोन दशकांत 'इस्टेट प्लॅनिंग' या नावाने एक नवा व्यवसाय आपल्या शहरांत रुजला. बँका, सनदी लेखापाल आणि वकील मिळून धनिकांना सांगतात की योग्य दस्तऐवज वेळीच केले, तर तुमच्या पश्चात तुमच्या इच्छेप्रमाणेच सर्व घडेल. हे आश्वासन मोहक आहे. पण मेलेल्या माणसाची इच्छा जिवंतांवर किती काळ आणि किती दूरवर चालू द्यावी, हा त्यामागचा प्रश्न जुना आहे. हिंदुस्थानात तो आजच्या कोलकात्यात, म्हणजे तेव्हाच्या कलकत्त्यात, पुरत्या स्पष्टपणे विचारला गेला आणि १८७२ मध्ये त्याचे उत्तर मिळाले. त्या उत्तराची ही कहाणी आहे.

दोन ग्रंथ, दोन व्यवस्था

हा खटला बंगालमध्येच का उद्भवला हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. हिंदूंच्या वारसाहक्काचे दोन मोठे पंथ आहेत. एक विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेचा. विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाचा पंडित. ते कल्याण म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेलगतचे. मिताक्षरेप्रमाणे पुत्राला वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क मिळतो. बाप हा एकत्र कुटुंबाचा कर्ता असतो, मालक नव्हे. महाराष्ट्रात हीच व्यवस्था चालत आली. मुंबई बेट, गुजरात व उत्तर कोकण या भागांत तिच्या जोडीला नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख प्रमाण मानला जाई. या नीलकंठाचे घराणे मूळ पैठणचे आणि नंतर काशीला स्थायिक झालेले.

दुसरा पंथ जीमूतवाहनाच्या दायभागाचा, आणि तो बंगालचा. दायभागाप्रमाणे बाप जिवंत असेपर्यंत पुत्राला मिळकतीत कोणताही हक्क नाही. बापाच्या मृत्यूनंतरच वारसा उघडतो. मुलगा नसेल तर विधवेला, एकत्र कुटुंबातही, पतीचा हिस्सा मिळतो. वरवर पाहता ही व्यवस्था अधिक उदार दिसते. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिची दुसरी बाजू लगेच दिसेल. ज्याच्या हाती मिळकतीची पूर्ण मालकी आहे, त्याच्या हाती कुटुंबातील प्रत्येकावरची सत्ताही आहे. आणि ज्या विधवेच्या नावे हिस्सा लागतो, ती इतर भागीदारांच्या डोळ्यांत सलू लागते. राममोहन रॉय यांनी १८२२ मध्ये स्त्रियांच्या प्राचीन हक्कांवरील अतिक्रमणाविषयी जो निबंध लिहिला, त्यात बंगालमधील विधवांच्या दैन्याचा संबंध त्यांनी मिळकतीच्या प्रश्नाशीच जोडला होता.

साताऱ्याच्या किंवा पुण्याच्या एखाद्या इनामदाराला वडिलार्जित जमिनीपुरते तरी आपल्या पुत्राला मृत्युपत्राने बेदखल करणे तेव्हा शक्य नव्हते. कलकत्त्याच्या जमीनदाराला ते शक्य होते. हा फरक पुढील सर्व घटनांच्या मुळाशी आहे.

कंपनी सरकार आणि जमीनदारी

या भूमीवर ईस्ट इंडिया कंपनीने १७९३ मध्ये कायमधारा आणला. जमीनदाराने ठरलेला सारा ठरलेल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी भरायचा, अन्यथा जमीनदारी लिलावात जायची. त्याच वर्षीचा अकरावा रेग्युलेशन आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. अनेक मोठ्या जमीनदाऱ्या तोवर न वाटता एकाच वारसाकडे जात असत. हा रिवाज साऱ्याच्या वसुलीच्या सोयीसाठी चालत आला, तो हिंदू व मुसलमान कायद्यांशी विसंगत आहे, असे म्हणून कंपनीने तो बंद केला. यापुढे जमीनदाराने काही लिहून न ठेवल्यास मिळकत कायद्याप्रमाणे सर्व वारसांत विभागली जाईल असे ठरले. लेखी मृत्युपत्राने ती देण्याची मुभा मात्र ठेवली. मेदिनीपूरकडील जंगल महालांसाठी १८०० मध्ये जुना रिवाज पुन्हा मान्य करावा लागला, हा भाग वेगळा.

येथे प्रशासनाने एक नवी परिस्थिती निर्माण केली. काही न करणाऱ्याची मिळकत तुकड्यांत वाटली जाणार आणि लिहून ठेवणाऱ्याची एकसंध राहू शकणार. नियमाची मांडणीच अशी की धनिकाला लेखणी उचलावीशी वाटावी. पहिल्या काही दशकांत कित्येक जुन्या जमीनदाऱ्या लिलावात निघाल्या आणि कंपनीच्या व्यापारावर व नोकरीवर धनाढ्य झालेल्या कलकत्त्याच्या घराण्यांनी त्या घेतल्या. ही नवी संपत्ती टिकवायची कशी, हा त्या घराण्यांपुढचा प्रश्न होता.

वाटणीच्या भीतीला आधार होता. शोभाबाजारचे राजा नवकृष्ण देव यांना आरंभी पुत्र नव्हता. त्यांनी पुतण्या गोपीमोहन याला दत्तक घेतले. पुढे उतारवयात राजकृष्ण हा औरस पुत्र झाला. १७९७ मध्ये नवकृष्ण वारले आणि दत्तक व औरस यांच्यात वाद पेटून मिळकतीचे दोन भाग झाले. राजा नवकृष्ण स्ट्रीटवर समोरासमोर उभे असलेले दोन राजवाडे आजही पाहता येतात. दुर्गापूजेला दोन्हीकडे गर्दी असते, आणि दोन पूजा का, याचे उत्तर त्या जुन्या वाटणीत आहे.

दायभागाने बापाला दिलेला अधिकार नेमका किती, याविषयीही न्यायालयांत घोळ होता. सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स ग्रे यांच्या काळात बापाच्या या अधिकारावर मर्यादा घालणारे मत पुढे आले, तेव्हा राममोहनांनी १८३० मध्ये वडिलार्जित मिळकतीवरील हिंदूंच्या हक्कांविषयी स्वतंत्र निबंध लिहून त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणे केवळ शास्त्राचे नव्हते. इतक्या वर्षांची खरेदीखते, गहाणखते आणि दानपत्रे ज्या समजुतीवर उभी आहेत तीच हलली, तर बंगालमधील पत आणि व्यवहार यांचे काय होईल, हा त्यातला रोख होता. स्वतः राममोहनांना भाऊबंदकीचा अनुभव होता. पुतण्या गोविंदप्रसाद याने १८१७ मध्ये मिळकतीत हिस्सा मागत त्यांच्यावर दावा लावला होता आणि तो १८१९ मध्ये निघाला. १८३१ मध्ये सदर दिवाणी अदालतीच्या न्यायाधीशांनी सुप्रीम कोर्टाला कळवले की बंगालमध्ये बापाला पुत्रांच्या संमतीशिवाय वडिलार्जित मिळकतही विकता येते, दान देता येते आणि मृत्युपत्राने पुत्रांचा वारसा बदलता येतो. रस्ता मोकळा झाला.

बाप आणि लेक

पाथुरियाघाट्याच्या ठाकूर घराण्यातील प्रसन्नकुमार ठाकूर यांचा जन्म १८०१ चा. हिंदू कॉलेजच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या गोपीमोहन ठाकुरांचे हे पुत्र. रवींद्रनाथांचे जोडासांकोचे घराणे ही याच कुळाची दुसरी शाखा. प्रसन्नकुमार वकिलीत अग्रगण्य होते. सदर दिवाणी अदालतीत ते सरकारी वकील होते. १८५४ मध्ये गव्हर्नर जनरलच्या विधिमंडळाच्या कार्यालयात सहायक कारकून या पदावर त्यांची नेमणूक झाली. पदाचे नाव लहान वाटले तरी काम कायद्यांच्या मसुद्यांचे होते. मिथिलेचा विवादचिंतामणी हा धर्मशास्त्रग्रंथ त्यांनी इंग्रजीत आणला. जुने शास्त्र आणि नवा कायदा या दोन्हींत गती असलेला असा दुसरा माणूस त्या काळच्या कलकत्त्यात शोधून सापडला नसता.

त्यांचा एकुलता एक पुत्र ज्ञानेंद्रमोहन. त्याने १८५१ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि रेव्हरंड कृष्णमोहन बॅनर्जी यांच्या कन्येशी, कमलमणीशी, विवाह केला. पुढे तो विलायतेला गेला आणि १८६२ मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाला. बॅरिस्टर होणारा तो पहिला भारतीय होय.

धर्मांतर केलेल्या पुत्राचा वारसा पूर्वीच्या हिंदू कायद्याने संपत असे. परंतु १८५० च्या एकविसाव्या कायद्याने ही स्थिती पालटली होती. धर्म किंवा जात सोडल्यामुळे कोणाचाही मिळकतीवरील हक्क जाणार नाही, असे त्या कायद्याने ठरवले. बंगालमधील सनातन्यांनी त्याविरुद्ध अर्ज केले, ते फेटाळले गेले. म्हणजे प्रसन्नकुमार काही न लिहिता वारले असते, तर सर्व मिळकत ज्ञानेंद्रमोहनाकडेच गेली असती. ती जाऊ नये यासाठी मृत्युपत्र हा एकच मार्ग उरला होता.

मृत्युपत्रात काय होते

प्रसन्नकुमारांचे मृत्युपत्र १८६२ चे. पुत्र बॅरिस्टर झाला त्याच वर्षाचे. पुत्रासाठी आपण यापूर्वीच तरतूद केली आहे, या मृत्युपत्रान्वये त्याला काहीही मिळणार नाही, असे त्यात स्पष्ट नमूद होते. मिळकत विश्वस्तांच्या हाती सोपवलेली होती. तिचा उपभोग प्रथम पुतणे जतींद्रमोहन ठाकूर यांनी हयातभर घ्यावा, त्यांच्यानंतर त्यांच्या ज्येष्ठ पुत्राने, मग त्याच्या ज्येष्ठ पुत्राने, आणि ती पुरुषशाखा खुंटल्यास जतींद्रमोहनांचे धाकटे बंधू सौरींद्रमोहन यांच्या वंशाने त्याच क्रमाने घ्यावा, अशी साखळी घालून दिली होती. स्त्रिया आणि स्त्रीवंशातील संतती यांना पूर्णपणे वगळले होते.

ही रचना हिंदू धर्मशास्त्रातील नव्हती. ती इंग्लंडच्या सरदार घराण्यांची. तेथे जहागीर अभंग राहावी म्हणून ती पिढ्यानुपिढ्या ज्येष्ठ पुत्राच्या गळ्यात बांधून ठेवण्याची जी पद्धत होती, तीच प्रसन्नकुमारांनी उचलली. धर्मशास्त्राचा जाणकार पुत्राच्या धर्मांतरावर उपाय शोधतो आणि तो त्याला सापडतो परक्या धर्माच्या राज्यकर्त्यांच्या कायद्यात, हा त्यातला विरोधाभास समकालीनांनाही जाणवला असावा.

मृत्युपत्रात आणखी एक देणगी होती. कलकत्ता विद्यापीठात कायद्याचे एक अध्यासन स्थापावे, त्याची व्याख्याने विनाशुल्क खुली असावीत आणि ती छापून वाटावीत, अशी तरतूद त्यांनी केली होती.

ऑगस्ट १८६८ मध्ये प्रसन्नकुमार वारले. ज्ञानेंद्रमोहनांनी कलकत्ता हायकोर्टात दावा दाखल केला. तो अपिलांतून जात जात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला आणि जुलै १८७२ मध्ये न्यायमूर्ती विल्स यांनी तेथील निकाल दिला.

निकालाचे तीन मुद्दे

पहिला मुद्दा मृत्युपत्राच्या स्वरूपाचा. हिंदू शास्त्रात मृत्युपत्र नव्हते, दान होते. म्हणून मृत्युपत्राकडे मरणाच्या क्षणी अमलात येणारे दान म्हणून पाहावे, असे न्यायालयाने म्हटले. दान घ्यायला घेणारा हयात असावा लागतो. सबब मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूसमयी जो जन्मालाच आलेला नाही, त्याला काही देता येणार नाही. गर्भातील मूल आणि पतीच्या परवानगीने पुढे विधवेने घेतलेला दत्तक पुत्र एवढेच याला अपवाद.

दुसरा मुद्दा अधिक खोल आहे. आपली मिळकत कोणाला द्यावी हे माणसाने ठरवावे. पण ती एकदा दिल्यावर घेणाऱ्याच्या पश्चात कोणत्या क्रमाने जावी, हे ठरवणे म्हणजे वारसाहक्काचा नवा कायदा करणे होय. तो अधिकार राज्याचा आहे, खासगी व्यक्तीचा नाही. ज्येष्ठ पुरुषवंशाची ती इंग्रजी साखळी हिंदू कायद्याला अपरिचित म्हणून अवैध ठरली.

तिसरा मुद्दा व्यवहाराचा. 'अमुक वारसाला काही मिळणार नाही' एवढे लिहून वारस बेदखल होत नाही. मिळकत दुसऱ्या कोणाला तरी वैध रीतीने दिली गेली पाहिजे. जेवढी वैध रीतीने दिली गेली नाही, तेवढी कायद्याच्या वारसाकडेच परत येते.

या तीन मुद्द्यांचा परिणाम असा झाला की जतींद्रमोहनांचा हयातीपुरता हक्क टिकला आणि त्यापुढची संपूर्ण साखळी कोसळली. जतींद्रमोहनांनंतर मिळकत जायची ती कायद्याच्या वारसाकडे, म्हणजे ज्याला वगळण्यासाठी हा सारा खटाटोप केला त्या ज्ञानेंद्रमोहनाकडे.

पण जिंकणाऱ्याच्याही पदरात काय पडले? ज्ञानेंद्रमोहन १८९० मध्ये लंडनमध्ये वारले. जतींद्रमोहन १९०८ पर्यंत जगले. ज्या मिळकतीसाठी पुत्राने वडिलांच्या मृत्युपत्राशी लढा दिला, तिचा ताबा घ्यायला तो स्वतः उरला नाही. जतींद्रमोहनांनाही पुत्र झाला नाही. त्यांनी धाकट्या भावाचा मुलगा प्रद्योतकुमार दत्तक घेतला. त्याचा जन्म १८७३ चा, म्हणजे प्रसन्नकुमारांच्या मृत्यूनंतरचा. वडीलधाऱ्याने पिढ्यांचा क्रम कागदावर आखला आणि घराण्यात प्रत्यक्ष जन्म झाले ते वेगळ्याच क्रमाने.

कायद्याचा पुढील प्रवास

हा निकाल केवळ बंगालचा राहिला नाही. मुंबई आणि मद्रासच्या न्यायालयांनीही तो पाळला. न जन्मलेल्या व्यक्तीला काहीच देता येत नाही, हा नियम पुढे जाचक वाटू लागला. आपल्या होणाऱ्या नातवंडांसाठी चार पैसे बाजूला ठेवणे हा काही अपराध नव्हे. म्हणून १९१६ च्या हिंदू मिळकत विनियोग कायद्याने तशी देणगी काही मर्यादांत वैध केली. दुसरा मुद्दा मात्र कायम राहिला. मिळकत देता येते, तिच्यासाठी वारसाहक्काचा नवा क्रम घडवता येत नाही.

दरम्यान १८७० मध्ये हिंदू मृत्युपत्रांचा कायदा झाला. मृत्युपत्र लेखी असावे, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात आणि न्यायालयाकडून त्याचे प्रोबेट घ्यावे, ही बंधने त्याने आणली. तो लागू होता बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या मुलखाला आणि मुंबई व मद्रास या शहरांना. ही भौगोलिक रेघ १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात तशीच उतरली. म्हणून मुंबईतील घराच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचे आणि पुण्यातील घराच्या मृत्युपत्राला ऐच्छिक, असा भेद आपण शंभर वर्षे पाळला. अनेक मराठी कुटुंबांना त्याचे कारण कधी कळले नाही, कारण ते १८७० च्या नकाशात होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ही सक्ती करणारे २१३ वे कलम वगळले. मृत्युपत्रावर वाद उठल्यास ते शाबीत करावेच लागते, हे मात्र बदललेले नाही.

देव मालक झाला तर?

माणसांच्या साखळीला न्यायालयाने नकार दिला. पण धनिकांच्या हाती आणखी एक साधन होते, देवोत्तर मिळकतीचे. मिळकत कुलदैवताच्या नावे करायची आणि घरातील पुरुषांनी सेवेकरी म्हणून ती सांभाळायची. देव मरत नाही आणि वाटणीही मागत नाही.

वाटणी मागतात ते सेवेकरी. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात देवाच्या पूजेच्या पाळ्या सेवेकऱ्यांमध्ये ठरलेल्या होत्या. एका सेवेकऱ्याला आपल्या पाळीच्या काळात देव आपल्या राहत्या घरी न्यायचे होते, दुसऱ्याचा विरोध होता. हे भांडण १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. देव ही कोणाची जंगम वस्तू नाही, कोठे राहावे याविषयी त्याच्या इच्छेचाही विचार झाला पाहिजे आणि ती मांडायला भांडणात हितसंबंध नसलेला प्रतिनिधी नेमावा, असे न्यायालयाने म्हटले. आपल्याकडे गुरव आणि पुजारी यांच्या पाळ्यांवरून होणारे तंटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. मिळकत देवाला दिली तरी भाऊबंदकी भावांकडेच राहते.

पुण्याचा दाखला

मराठी वाचकाला मृत्युपत्र म्हटले की ताईमहाराज प्रकरण आठवते. पुण्याचे सरदार बाबामहाराज ऑगस्ट १८९७ मध्ये वारले. त्यांनी मृत्युपत्रान्वये नेमलेल्या व्यवस्थापकांमध्ये त्यांचे स्नेही लोकमान्य टिळक होते. विधवा ताईमहाराजांसाठी १९०१ मध्ये औरंगाबादला जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले. पुढे ताईमहाराजांनी कोल्हापूरकडील दुसरा मुलगा दत्तक घेतला. त्यातून फौजदारी खटले उभे राहिले. टिळकांना खोटी साक्ष दिल्याबद्दल शिक्षा झाली आणि १९०४ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली. जगन्नाथाचे दत्तविधान प्रिव्ही कौन्सिलने मान्य केले ते १९१५ मध्ये. स्नेह्याच्या शब्दाखातर स्वीकारलेली जबाबदारी टिळकांच्या आयुष्याची जवळजवळ अठरा वर्षे पुरली. मृत्युपत्रात व्यवस्थापक म्हणून कोणाचे नाव घालण्यापूर्वी आपण त्या माणसावर काय लादत आहोत, याचा विचार क्वचितच केला जातो.

आजचे कोलकाता

उत्तर कोलकात्याच्या गल्ल्यांतून हिंडताना मोठमोठे वाडे दिसतात. खांब भव्य, पण गिलावा पडलेला, भिंतींतून पिंपळ उगवलेला. बंगालीत अशा घराच्या भागीदारांना 'शरिक' म्हणतात. शरिकांची संख्या पिढीगणिक वाढते. छत दुरुस्त करायला सगळ्यांची संमती लागते, आणि ते गळू द्यायला कोणाचीच लागत नाही. अर्थशास्त्रात याला सामायिक मालकीची शोकांतिका म्हणता येईल. आपल्या सातबाऱ्यावर एका गटात वीस-पंचवीस नावे दिसतात, तेव्हा हाच वाडा शेताच्या रूपात उभा असतो.

दुसरे टोकही याच शहरात आहे. उद्योगपती माधवप्रसाद बिर्ला १९९० मध्ये आणि त्यांच्या पत्नी प्रियंवदा बिर्ला जुलै २००४ मध्ये वारल्या. पतिपत्नींनी १९८२ मध्ये मिळकत लोककार्याला देणारी मृत्युपत्रे केली होती असे एक पक्ष सांगतो. दुसऱ्या पक्षाकडे प्रियंवदांचे १९९९ चे मृत्युपत्र आहे, ज्यान्वये सर्व काही त्यांचे सनदी लेखापाल सल्लागार राजेंद्रसिंह लोढा यांना मिळते. लोढा २००८ मध्ये वारले आणि वाद त्यांच्या वारसांकडे गेला. कलकत्ता हायकोर्टात त्यावर दोन दशके कामकाज चालले. देशातील उत्तमोत्तम सल्ला ज्यांना उपलब्ध होता त्यांच्या घरची ही स्थिती. तेव्हा भांडण टाळायला दस्तऐवज आवश्यक असले, तरी ते पुरेसे नाहीत.

काय घ्यावे

आजचा कायदा सामान्य माणसाला पुष्कळ सोयीचा आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या ३० व्या कलमाने एकत्र कुटुंबातील स्वतःच्या हिश्शाचेही मृत्युपत्र करता येते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच. बँकेत किंवा शेअरवर नामनिर्देशन केले म्हणजे तो मनुष्य मालक झाला, ही समजूतही चुकीची आहे. कंपनीच्या शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले.

हे सर्व पाळूनही एक मोह उरतो, आणि तो प्रसन्नकुमारांचा आहे. मुलाने अमुक जातीत लग्न केले तर त्याला नाही, घर कधीच विकू नये, धाकट्याने थोरल्याच्या आज्ञेत राहावे, अशी वाक्ये आजही मृत्युपत्रांच्या मसुद्यांत लिहिली जातात. त्यांतून मिळकत देण्याची इच्छा कमी आणि राज्य करण्याची अधिक दिसते. ज्या मृत्युपत्राने कोणाला काय मिळेल एवढेच साधेपणाने सांगितले आणि ते हयातीतच घरच्यांसमोर वाचून दाखवले, ते सहसा टिकते. ज्याने पुढील पिढ्यांना शिक्षा किंवा शिस्त लावायचा प्रयत्न केला, ते वकिलांच्या हाती जाते.

प्रसन्नकुमारांच्या योजनेतील एक भाग मात्र टिकला, तो विद्यापीठाला दिलेल्या देणगीचा. टागोर विधी व्याख्याने १८७० मध्ये सुरू झाली. रासबिहारी घोष यांचा गहाणाच्या कायद्यावरील ग्रंथ आणि गुरुदास बॅनर्जी यांचा विवाह व स्त्रीधनावरील ग्रंथ याच व्याख्यानांतून आले. संस्थापकाने आपल्या मिळकतीतून स्त्रियांना वगळले होते, आणि त्याच्याच पैशातून स्त्रियांच्या मिळकतीवर प्रमाणग्रंथ झाला. १८९८ मध्ये आशुतोष मुखर्जी यांनी या अध्यासनावरून व्याख्याने दिली. त्यांनी विषय निवडला होता मिळकत पिढ्यानुपिढ्या बांधून ठेवण्याला कायद्याने घातलेल्या मर्यादांचा. त्या विषयावर बोलताना प्रसन्नकुमारांच्या मृत्युपत्राचा खटला टाळणे कोणालाही शक्य नव्हते. जे त्यांनी अटी न घालता सर्वांसाठी दिले होते, त्यातूनच पुढच्या पिढ्यांना त्यांची चूक समजून घेता आली.